टांगा नाल्याच्या अलीकडे यावा म्हणून

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले तेव्हा स्वातंत्र्याला दोन-अडीच वर्षं झाली होती. मी रत्नागिरीकडची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. सासरी माणसं मोजकीच होती. सासरे, सासूबाई, हे आणि आता मी. घर स्टेशनपासून पाऊण मैलावर, नव्याने पाडलेल्या प्लॉटांवर होतं. प्लॉट म्हणायचं एवढंच, कारण चारी बाजूंना भातशेती आणि मधे वीस-बावीस बैठी घरं, असा सगळा प्रकार होता. विहीर मात्र गोड्या पाण्याची होती आणि तिचं कौतुक प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागे.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. मुंबईच्या एका कचेरीत तीस वर्षं लोकांनी पाठवलेले अर्ज वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की आता आपण लिहायचे आणि दुसऱ्यांनी वाचायचे. त्यासाठी त्यांनी आमच्या प्लॉटांवरच्या बिऱ्हाडांचं एक मंडळ काढलं. मंडळाचं नाव इतकं लांब होतं की ते लेटरहेडवर दोन ओळींत बसवावं लागलं. मामंजी अध्यक्ष झाले. चिटणीस झाले आमच्या पलीकडच्या घरातले एक गृहस्थ. ते मुंबईला एका वकिलाच्या हाताखाली कारकून होते आणि साधं ‘पाणी द्या’ म्हणतानासुद्धा ‘सदरहू’ म्हणतील की काय असं वाटायचं.

बैठक दर रविवारी सकाळी आमच्या ओटीवर भरे. खाली सतरंजी, तिच्यावर दहा-बारा सभासद आणि मधोमध हातांची एक लाकडी खुर्ची. ती अध्यक्षांची. बायकांनी बैठकीला बसायची पद्धत नव्हती. पण चिटणीसांचं अक्षर असं होतं की दुसऱ्या रविवारी त्यांनाच ते लागेना. तेव्हा मामंजींनी फर्मान काढलं की सूनबाईंनी माजघरात दाराशी बसावं आणि इतिवृत्त लिहावं. मी दाराच्या आत, मंडळ दाराच्या बाहेर, आणि मधे अर्धवट लोटलेलं दार. मी सगळं ऐकायचे, लिहायचे आणि मधेच उठून चहाचं आधण बघायचे. माझं नाव वहीत कुठंच नसे.

मंडळापुढे प्रश्न बरेच यायचे. कोपऱ्यावरचा रॉकेलचा दिवा पंचायतीचा माणूस आठवड्यातून चारच दिवस लावतो. विहिरीच्या कठड्याला म्हशी अंग घासतात. स्टेशनावरचा लाकडी जिना पावसात निसरडा होतो. पण हे सगळे विषय आटोपले की सगळे सरसावून बसत, कारण शेवटचा विषय कायम टांग्याचा असे.

स्टेशनाबाहेर पाच-सहा टांगे उभे असायचे. खडीचा रस्ता तिथून निघून आमच्या दिशेने यायचा, पण नाल्याशी येऊन थांबायचा. नाल्यावर माणसाला जाण्यापुरता साकव होता. दोन ओंडके, त्यांवर फळ्या, आणि एका बाजूला हाताला धरायला बांबू. त्यामुळे टांगा नाल्यापलीकडे थांबे आणि पुढचा रस्ता पायी. सामान असलं, म्हातारं माणूस असलं, आजारी असलं तरी तसंच. पंचायतीनं एकदा कळवलं होतं की नाला वरच्या अंगाला उथळ आहे, तिथे जागा मिळाली तर नळ टाकून वरून गाडी जाईल अशी मोरी बांधून देता येईल. जागा म्हणजे नाल्यापासून आमच्या घरांपर्यंतची शेताकडेची एक पडीक पट्टी. चिटणीसांनी कुठूनसा एक जुना नकाशा मिळवला. मामंजींनी तो भिंगातून पाहिला आणि पट्टी सरकारी पड जमीन असल्याचं जाहीर केलं. मग अर्ज सुरू झाले. पहिला अर्ज द्यायला चिटणीस स्वतः रजा काढून ठाण्याला गेले, टेंभी नाक्याच्या पुढे कुठल्याशा कचेरीत चार तास बसले आणि पोच घेऊन आले. ती पोच सगळ्या सभासदांनी हातात घेऊन पाहिली. त्यानंतर स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, सविनय स्मरणपत्र. अशी तीन वर्षं गेली. प्रत्येक बैठकीत मी ‘सरकारी पड जमिनीबाबत’ असा मथळा घालायचे. पुढे पुढे चर्चा सुरू होण्याआधीच निम्मं इतिवृत्त लिहून ठेवायचे, कारण त्यात फारसा फरक पडत नसे.

माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. दुसऱ्या वेळी सासरीच राहायचं ठरलं. स्टेशनाजवळ एका डॉक्टरीणबाईंनी चार खाटांचं प्रसूतिगृह काढलं होतं, तिथे माझं नाव घातलं. बाईंनी सांगितलेल्या तारखेला अजून दहा दिवस होते. श्रावणातला रविवार होता, पाऊस दोन दिवस थांबलेला नव्हता, आणि ओटीवर मंडळ बसलं होतं. मी दाराशी वही घेऊन. चिटणीस नवं स्मरणपत्र वाचून दाखवत होते. ‘या विलंबामुळे आबालवृद्धांस होणारा त्रास’ इथवर ते आले आणि मला कळ आली.

पहिली कळ मी तशीच दाबून नेली, कारण वाक्य पुरं लिहायचं होतं. दुसरीला पेन खाली ठेवलं. सासूबाई चुलीपुढे होत्या. माझ्या तोंडाकडे पाहताच त्या उठल्या, यांना हाक मारली आणि टांगा आणायला पिटाळलं. हे धावत गेले आणि अर्ध्या तासानं चिखलाने माखून परत आले. टांगा नाल्यापलीकडे उभा होता. टांगेवाला भला माणूस होता, पण घोडा काही साकवावरून यायचा नव्हता.

चालत जावं तर कळा लागोपाठ येत होत्या. ही बातमी ओटीवर गेली. मग सभासदांनी आपापली मतं मांडायला सुरुवात केली. कोणी म्हणालं, सुईणीला बोलवा. कोणी म्हणालं, पाऊस उघडेपर्यंत थांबा. जणू ते माझ्या हातात होतं. मामंजी हात वर करून एकेकाला बोलायची परवानगी देत होते. तेवढ्यात सासूबाई दार उघडून ओटीवर गेल्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण चार परक्या माणसांत त्या मामंजींशी कधी बोलल्या नव्हत्या.

“उठा,” त्या म्हणाल्या. “खुर्ची हवी आहे.”

मामंजी उठले. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मला खुर्चीत बसवलं, वर घोंगडी टाकली आणि चौघांनी चार पाय धरले. त्यांत एक हे होते. चिटणीस डोक्यावर छत्री धरून चालत होते, पण घाबरल्यामुळे छत्री बहुतेक वेळ त्यांच्याच डोक्यावर होती. मामंजी पुढे चालत ‘डावीकडच्यांनी सांभाळून, उजवीकडच्यांनी मागे राहू नये’ असं सांगत होते. मी घोंगडीखालून सगळं ऐकत होते. दुखत होतं, भीती वाटत होती, आणि तरी एकदा मला हसू आलं. त्याची मला आजही थोडी लाज वाटते.

साकवाशी आल्यावर कळलं की साकव एका वेळी एकाच माणसाचा आणि खुर्ची चार माणसांची. मिरवणूक थांबली. खुर्ची चिखलात टेकवली आणि पुन्हा विचारविनिमय सुरू झाला. हे काकुळतीला आले. म्हणाले, मी पाठीवर घेतो. सासूबाई नको म्हणाल्या, कारण फळ्या शेवाळल्या होत्या.

शेजारच्या शेतात एक म्हातारा इरलं घेऊन बांधाला पडलेलं भगदाड बुजवत होता. तिथला जुना शेतकरी. त्याची बायको आम्हाला रोज भाजी आणून द्यायची, म्हणून मला तो तोंडओळखीने माहीत होता. त्यानं आमच्याकडे थोडा वेळ पाहिलं, फावडं टाकलं आणि जवळ आला.

“हितं काय करताव?” तो म्हणाला. “तिकरून आना. वरती पानी गुडघ्याएवराच हाय.”

त्यानं समोरचा एक पाय एका सभासदाकडून काढून घेतला आणि बांधाबांधानं पडीक पट्टीकडे चालू लागला. बाकीच्यांना त्याच्यामागून जावंच लागलं. वरच्या अंगाला नाला खरंच पसरट होता, तळाशी दगड होते. त्याच्या म्हशी तिथूनच रोज जा-ये करायच्या. खुर्ची पाण्यातून पलीकडे गेली. टांगेवाल्यानं घोडा वळवून तिथवर आणला होता. म्हाताऱ्यानं मला टांग्यात बसवताना आधार दिला आणि फावड्याकडे परत गेला. डॉक्टरीणबाईंचे हात धुऊन होतात न होतात तोच मुलगी झाली.

बाराव्या दिवशी घरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाताऱ्याची बायको उकड्या तांदळाची पिशवी घेऊन आली. म्हणाली, पेज करून घे, अंगात ताकद येईल. सासूबाईंनी तिला आत बसवलं. तिनं मुलीला मांडीवर घेतलं, नाकडोळे पाहिले, सासूबाईंवर गेलीय असं सांगितलं. सासूबाई खूश झाल्या. मी सहज विचारलं की आम्हाला ज्या पट्टीवरून नेलं ती सरकारी आहे ना.

“सरकारी कशाला?” ती म्हणाली. “आमचीच हाय ती. आमच्या सासऱ्यापासनं.”

मग मी तिला अर्जांची हकिकत सांगितली. तीन वर्षं, पोच, स्मरणपत्रं, सगळं. ती मुलीला थोपटत ऐकत राहिली.

“मी रोज तुमच्या दारानं भाजी घेऊन जातंय,” ती म्हणाली. “पन आमच्या म्हाताऱ्याला कुनी इचारलाच नाय, बाय.”

आता हे मामंजींना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. सासूबाईंनी अंग काढून घेतलं. ‘इतिवृत्त तू लिहितेस, तूच सांग,’ म्हणाल्या. मी जेवणं आटोपल्यावर सांगितलं. मामंजींनी नकाशा मागवला, जमिनीवर पसरला, भिंग लावलं. बराच वेळ त्यांनी तो नकाशा नुसताच पाहिला. मग त्यांनी तो उलटा फिरवला आणि पुन्हा पाहिला. शेवटी भिंग डबीत ठेवून म्हणाले, “हे मागच्या बैठकीच्या इतिवृत्तात घालायची गरज नाही.”

पुढच्या रविवारी त्यांनी विषय मांडला, पण इतक्या आडवळणाने की अर्ध्या सभासदांना वाटलं, पट्टी नुकतीच कोणीतरी विकत घेतली आहे. चिटणीसांना मात्र स्फुरण चढलं. आता कागद करायचा म्हणजे त्यांच्या अखत्यारीतली गोष्ट. त्यांनी आठवडाभर खपून चार पानी मसुदा केला आणि शाईचा पॅड घेऊन म्हाताऱ्याच्या घरी गेले. काय झालं ते आम्हाला त्याच्या बायकोकडून, म्हणजे आमच्या भाजीवालीकडून कळलं. चिटणीसांनी चारही पानं न थांबता वाचली आणि पॅड पुढे करून म्हणाले, अंगठा करा. म्हातारा चौथी शिकलेला होता. रोज सकाळी स्टेशनावर जाऊन तो वर्तमानपत्र वाचायचा, लग्नपत्रिकांवर नावं घालायला सगळा पाडा त्याच्याकडे यायचा. त्यानं पॅड बाजूला सारला, कागद परत दिला आणि म्हणाला, पट्टी द्यायची नाही.

दोन रविवार बैठक दिवा आणि म्हशींवरच आटोपली. टांग्याचा विषय कोणी काढेना. चिटणीस सांगत होते की सक्तीच्या संपादनाची तरतूद आहे, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. दुसऱ्या रविवारनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी कोट चढवला, टोपी घातली आणि मला म्हणाले, “मुलीला घे. त्यांच्या घरी जायचं आहे. ती बाई तिला पाहायचं म्हणत होती ना?”

ती तर तिला दर दिवसाआड पाहत होती.  तरी मी मुलीला दुपट्यात गुंडाळून निघाले.

म्हातारा पडवीत जाळ्याची गाठ सोडवत बसला होता. त्यानं घोंगडी टाकली. बायकोनं कोरा चहा दिला. मामंजींनी घसा साफ करून सुरुवात केली, “आपल्या मालकीच्या भूभागासंबंधी आमच्या मंडळाकडून जो पत्रव्यवहार...” आणि तिथेच ते थांबले. म्हातारा जाळ्याकडे बघत होता. माझी मुलगी कुरकुरली. मी तिला खांद्यावर घेतलं. मामंजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“चुकलं आमचं,” ते म्हणाले. “तीन वर्षं तुमच्या बांधावरून येतो-जातो. सगळ्यांना विचारलं. तुम्हाला विचारलं नाही.”

त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी खाली बघत राहिले. म्हाताऱ्यानं गाठ सोडवून जाळं बाजूला ठेवलं.

“रस्ता माझे शेतातनं जानार,” तो म्हणाला, “मंग मी पन त्या बैठकीला बसनार. आनि कागुद मी वाचीन, मंग सही करीन.”

मामंजी लगेच कबूल झाले. परत येताना साकवाशी आल्यावर मुलीला त्यांनी आपल्या हातात घेतलं.

नवा कागद एका पानाचा झाला. म्हाताऱ्यानं तो आमच्या ओटीवर बसून बोट फिरवत वाचला, एका ठिकाणी दिशा चुकली होती ती दाखवली आणि ठसठशीत सही केली. मग त्यानं मागची इतिवृत्तं वाचून दाखवा म्हटलं. चिटणीस चाचरले. म्हणाले, ते सगळं लांब आहे. म्हातारा म्हणाला, मी सभासद हाय ना, मंग ऐकनार. वही माझ्याकडे होती, म्हणून ती मलाच वाचावी लागली. दाराआडून. ‘सरकारी पड जमिनीबाबत’ हा मथळा पहिल्यांदा आला तेव्हा तो काही बोलला नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हाही नाही. सातव्या-आठव्यांदा आला तेव्हा त्यानं मामंजींकडे पाहिलं आणि मामंजी छताकडे पाहू लागले.

वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, “लिवनारी आतमंदी का बसते?”

 हे बाजूला बसले होते, त्यांनी मान खाली घालून हसू लपवलं. चिटणीस म्हणाले की तशी प्रथा आहे. म्हातारा म्हणाला, आतून तिला सगळा ऐकू येत नसंल, म्हनून चुकीचा लिवला असंल. त्या चुका मी केलेल्या नव्हत्या, पण त्या क्षणी मी त्याला विरोध केला नाही. पुढच्या रविवारपासून मी ओटीवर, सतरंजीच्या कडेला बसून लिहू लागले. महिन्याभरानं माझं नाव सभासदांच्या यादीत आलं. ते मीच लिहिलं आणि बाकीच्या नावांपेक्षा जरा मोठ्या अक्षरात लिहिलं.

दिवाळीनंतर पंचायतीनं शब्द पाळला आणि नाल्यात नळ टाकून मोरी बांधली. पट्टीवर मुरूम टाकायचं काम मात्र मंडळाकडे आलं. चार रविवार बैठका रद्द झाल्या आणि सगळे सभासद घमेली घेऊन कामाला लागले. लेखणीशिवाय दुसरं काही न धरलेले ते हात. पहिल्या तासात चिटणीसांच्या तळहाताला फोड आला आणि तो त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. म्हाताऱ्यानं मुरूम कसा पसरायचा, पाणी किती मारायचं, ठोकून बसवायचा धुम्मस कसा धरायचा ते सांगितलं. तो सांगताना कोणी मधे बोललं नाही. मंडळाच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. आम्ही बायका चहा घेऊन जायचो आणि थोडा वेळ थांबून घमेली पुढे सरकवायचो.

होळीच्या आधी एका सकाळी पहिला टांगा मोरी ओलांडून आमच्या दारांपर्यंत आला. घोडा बिचकला होता. टांगेवाला उतरून त्याचा लगाम धरून चालत होता. सगळी घरं बाहेर आली. मामंजींनी दोन शब्द बोलायची तयारी केली होती, कागदही काढला. म्हातारा घोड्याची मान थोपटत उभा होता, त्याची बायको टांग्याचं चाक निरखत होती. मामंजींनी चष्मा पुसून वाचायला घेतलं आणि तेवढ्यात सासूबाई घरातून बाहेर आल्या. अंगावर ठेवणीतलं नऊवारी, हातात पिशवीसुद्धा नाही. त्या सरळ टांग्यात जाऊन बसल्या.

मी जवळ जाऊन विचारलं, “कुठे निघालात?”

“कुठे नाही,” त्या म्हणाल्या. “स्टेशनापर्यंत जाते नि परत येते.”

मग त्यांनी जरा सरकून शेजारची जागा मोकळी केली आणि भाजीवालीला खूण केली. ती आधी नको म्हणाली, मग लुगडं सावरत चढली. टांगा वळला. मामंजी कागद हातात धरून उभेच होते. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि दोघी दिसेनाशा होईपर्यंत आम्ही सगळे रस्त्यातच उभे राहिलो. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या दोघींच्या हातात स्टेशनावर घेतलेल्या शेंगांच्या पुड्या होत्या आणि अर्ध्याअधिक खाऊन झालेल्या होत्या.